भाग्यपत्रिका वाचताना

शालेय क्रीडास्पर्धांत कोणाची लढत कोणाशी, हे दाखवणाऱ्या कागदाला मराठीत भाग्यपत्रिका म्हणतात. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत, परिपत्रकांत, मैदानाकडेच्या मांडवात हा शब्द सर्रास चालतो. तो वापरणाऱ्या कोणाला त्यातलं 'भाग्य' ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. मला मात्र तो शब्द नेमका वाटतो. स्पर्धेबद्दल जे काही लिहिलं जातं त्यातला हा एकच मजकूर असा, जो निकालाच्या आधी लिहिला जातो आणि निकाल लागल्यावर कोणीही वाचत नाही. आपण वाचतो ती विजेत्याची गोष्ट. या लेखात मला भाग्यपत्रिका वाचायची आहे. ती बाजूला ठेवून आपण खेळाच्या ज्या गोष्टी लिहितो, त्यांच्याबद्दल माझी थोडी तक्रारही आहे.

माझ्याकडे अशी एक पत्रिका आहे. माझे वडील कवठे महांकाळ तालुक्यात पीटीचे मास्तर होते. (इथे थांबून सांगायला हवं की कुस्तीच्या संदर्भात 'कवठे' म्हटलं की ऐकणाऱ्याला कवठेपिरान आठवतं. ते हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाचं. आमचं कवठे ते नव्हे. आमचं पूर्वेकडचं, मिरज-पंढरपूर रस्त्यावरचं, द्राक्षाचं आणि टँकरचं.) तालुक्याच्या शालेय स्पर्धा आल्या की अण्णांच्या सुंदर अक्षरामुळे पत्रिका लिहायचं काम त्यांच्याकडे यायचं. फुलस्केपचा कागद, फूटपट्टी, लाल आणि निळं बॉलपेन. अण्णा गेल्यावर ट्रंकेत जे कागद निघाले त्यांत एका वजनगटाच्या कुस्तीची पत्रिका आहे. नावं अकरा. मी तेव्हा पाचवीत होते, आणि त्या अकरा नावांच्या चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. आरक्षणाची सोडत असली की आजही शाळेतल्या एखाद्या पोराला बोलावून चिठ्ठी काढायला लावतात, तसंच ते. लहान हातावर कोणी संशय घेत नाही.

अकरा जणांची बाद पद्धतीची पत्रिका कशी आखतात हे अण्णांनी मला त्याच दिवशी शिकवलं होतं, आणि पुढे बीजगणितातलं बरंच काही विसरले तरी ते विसरले नाही. अकराच्या वरची दोनाची घात संख्या सोळा. सोळातून अकरा गेले की पाच. म्हणजे पाच जणांना पहिल्या फेरीत 'बाय', न लढता पुढे. उरलेल्या सहांच्या तीन लढती. तीन विजेते आणि पाच बायवाले मिळून आठ, तिथून पुढे सरळ. वरच्या अर्ध्या भागात सहा, खालच्यात पाच. कितीही जण असले तरी एकूण लढती संख्येपेक्षा एकनं कमी, कारण प्रत्येक लढतीत एक जण बाद होतो आणि शेवटी एकच उरवायचा असतो. अकरांच्या दहा लढती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू करून संध्याकाळच्या एसटीच्या आत उरकतात. साखळी पद्धत लावली असती तर पंचावन्न लढती झाल्या असत्या. बाद पद्धतीचं खरं समर्थन एवढंच आहे: वेळ आणि पैसा. सर्वोत्तम कोण हे शोधण्याचं ते साधन आहे, हे आपण नंतर चिकटवलेलं आहे.

मी चौथी चिठ्ठी काढली ती त्या गटातल्या सर्वांत तगड्या मुलाची. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होता. पाचवी काढली ती माझ्या थोरल्या चुलत्याच्या मुलाची, दादाची. चौथा विरुद्ध पाचवा, पहिली फेरी. अकरातल्या कुठल्याही दोघांच्या पंचावन्न जोड्या होऊ शकतात, त्यांतल्या तीनच जोड्या पहिल्या फेरीत एकमेकांसमोर येतात. ठरावीक दोघं येण्याची शक्यता अठरात एक. ती आली. दादा गुणांवर हरला. दुसरा मुलगा पुढच्या कुस्त्या भराभर चितपट करत गेला आणि जिल्ह्याला निवडला गेला. घरी आल्यावर चुलत्यांनी विचारलं, कितव्या फेरीत? 'पहिल्याच.' त्यानंतर घरात त्या 'पहिल्याच'मधला 'च' कितीतरी वर्षं राहिला.

हा 'च' माझा विषय आहे. तो तर्कानं चुकीचा आहे, आणि हे मी नव्यानं शोधलेलं नाही. अ‍ॅलिसच्या गोष्टींमुळे जग ज्यांना लुईस कॅरल म्हणून ओळखतं, त्या चार्ल्स डॉजसन या गणिताच्या अध्यापकानं १८८३ मध्ये लॉन टेनिस स्पर्धांच्या बक्षीसवाटपावर एक पुस्तिका लिहिली होती. त्याची तक्रार सोपी होती. बत्तीस खेळाडू आहेत आणि प्रत्येक वेळी चांगलाच खेळाडू जिंकतो असं धरा, म्हणजे खेळात नशीब अजिबात नाही असंच धरा. तरीही दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू दुसरं बक्षीस मिळवेलच असं नाही. पहिल्या क्रमांकाची जागा सोडली तर त्याच्यासाठी एकतीस जागा उरतात, त्यातल्या सोळा पत्रिकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. तिथे पडला तर अंतिम फेरी, नाहीतर वाटेत कुठेतरी गारद. एकतीसात सोळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. म्हणजे निर्दोष पंच, निरोगी खेळाडू, कोरडं मैदान असं सगळं दिलं तरी बाद पद्धत फक्त पहिल्याबद्दल खरं बोलते. बाकीच्यांबद्दल ती फार तर अंदाज करते, आणि आपण तो अंदाज प्रमाणपत्रावर छापतो.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या पत्रिकेकडे पाहू. महाराष्ट्र केसरीच्या किताबाची रचना मजेशीर आहे. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. दोन्हीकडे बाद पद्धतीनं एकेक मल्ल वर येतो आणि ते दोघं अखेरची कुस्ती करतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या शेवटच्या लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. एका डावाला पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि तिथून वादळ उठलं. डाव पूर्ण झाला होता की नाही यावर तालमींपासून चहाच्या गाड्यांपर्यंत सगळे पंच झाले. मोबाइलवर चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, खांदा कुठे टेकला हे पाहत होते. महेंद्र पुढे गेला आणि अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेकडून मिनिटाच्या आसपास हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर अंतिम फेरीत पोहोचला आणि त्यानं शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं.

या दोन घटना जोडून तेव्हा जे लिहिलं गेलं त्याचा सूर 'अखेर न्याय झाला' असा होता. मला हा सूर पटत नाही. जानेवारीत अन्याय झाला असेल तर नोव्हेंबरमधल्या विजयानं तो भरून निघत नाही, आणि अर्ध्या मिनिटाची कुस्ती हा कोणाच्याही श्रेष्ठत्वाचा पुरावा नसतो. तो त्या अर्ध्या मिनिटाचा पुरावा असतो. मी वाचलेल्या मजकुरात चार गुणांवर रकानेच्या रकाने होते, पण माती-गादीची विभागणीच दोन तुल्यबळ मल्लांना अंतिम फेरीच्या आधी भिडवते, हा साधा मुद्दा क्वचितच होता. पंचाचा हात दिसतो, म्हणून त्यावर लिहिता येतं. चिठ्ठीचा हात लढतीच्या वेळी मैदानात नसतो. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पुन्हा पंचांच्या निर्णयावरून रणकंदन झालं, मल्लांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि पुन्हा सगळी चर्चा त्या एका क्षणाभोवती फिरली.

आपली क्रीडाभाषा इथे पकडता येते. 'नशीब' हा शब्द आपण कोणाला लावतो ते पाहा. हरणाऱ्याला 'दुर्दैवी पराभव', 'नशिबानं हुलकावणी दिली'. जिंकणाऱ्याला 'कष्टाचं चीज', 'घामाचं सोनं'. एकाच लढतीचं वर्णन, पण नशीब फक्त एका बाजूला. विजेत्याला सोपी बाजू मिळाली, त्याचा तगडा प्रतिस्पर्धी दुसऱ्याच कोणीतरी परस्पर काढला, उपांत्य फेरीत समोरचा गुडघा धरून आला, असं आपण लिहीत नाही. लिहिलं तर विजेत्याचा अपमान वाटतो. का वाटावा? मला सोपी बाजू मिळाली आणि मी ती वाया घालवली नाही, हे काही लहान वाक्य नाही.

सिनेमानं या सवयीला मोठा पडदा दिला. 'दंगल'मध्ये (२०१६) गीताची अंतिम लढत शेवटच्या काही सेकंदांवर येते, पाच गुणांचा एकच डाव, बाप खोलीत कोंडलेला, आणि राष्ट्रगीत ऐकून त्याला निकाल कळतो. प्रत्यक्षात २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला १-०, ७-० असं सरळ हरवलं होतं. सिनेमानं तथ्य बदललं म्हणून मी तक्रार करत नाही, तो त्याचा हक्क आहे. माझा आक्षेप बदलाच्या दिशेवर आहे. एकतर्फी विजय गोष्टीत बसत नाही, म्हणून नशीब शेवटच्या सेकंदात आणून बसवलं, जिथे नायिका त्याला आपल्या ताकदीनं उलटवू शकते. तसं नशीब सगळ्यांना आवडतं. जे चिठ्ठीत असतं आणि कशानंच उलटत नाही, त्यावर दृश्य लिहिणं कठीण. याच गीताची २०१२ ची लंडन ऑलिंपिकमधली कथा बघा: पहिल्याच लढतीत कॅनडाच्या टोन्या व्हर्बीकशी गाठ, पराभव. व्हर्बीक अंतिम फेरीत गेली म्हणून गीताला रेपेशाजमध्ये पुन्हा संधी, तिथेही पराभव. सिनेमा २०१० लाच संपतो, आणि का संपतो ते समजतं.

रेपेशाज ही कुस्तीनं स्वतःच्या पत्रिकेवर केलेली टीकाच आहे. ज्याच्याकडून तुम्ही हरलात तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्ही खरोखर वाईट होतात असं मानता येत नाही, म्हणून कांस्यपदकासाठी तुम्हाला परत बोलावतात. डॉजसनचाच मुद्दा, अर्धा मान्य केलेला. २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमार पहिल्याच लढतीत युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत पोहोचला, आणि सुशीलनं परत येऊन कांस्य मिळवलं. २०१६ मध्ये रिओला साक्षी मलिकचंही तसंच, उपांत्यपूर्व फेरीतल्या पराभवानंतर. ही दोन पदकं दुसऱ्या कोणाच्या तरी विजयावर टांगलेली होती. प्रतिस्पर्धी उपांत्य फेरीत घसरला असता तर सुशील त्या दुपारी घरी, तेवढीच ताकद, तेवढेच कष्ट घेऊन. मग आपल्याकडे त्याची कोणती गोष्ट सांगितली गेली असती? 'पहिल्याच फेरीत'.

पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटबद्दल आपण शंभर ग्रॅमवर इतकं बोललो की तिची पत्रिका वाचायची राहून गेली. मानांकन नसल्यानं तिची पहिलीच लढत युई सुसाकीशी लागली, जी टोकियोची विजेती होती आणि आंतरराष्ट्रीय लढतींत तोवर अपराजित होती. त्या गटातल्या दोन बलाढ्य मल्ल पहिल्याच सकाळी एकमेकींवर खर्च झाल्या. विनेशनं ती ३-२ अशी काढली. दुसऱ्या दिवशी वजनात विनेश अपात्र ठरली, तिनं उपांत्य फेरीत हरवलेली क्यूबाची गुझमान अंतिम फेरीत लढली, आणि सुसाकी कांस्य घेऊन घरी गेली. पत्रिकेत शेवटी जे क्रमांक लागले ते वाचून त्या दिवसाच्या कुस्तीबद्दल काय कळतं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पण नशीब हा शब्द फार सैल सोडला तर तो दुसऱ्याच कोणाचे तरी दोष झाकायला लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला लढले तेव्हा एका पराभवानं बाद होत नसे. प्रत्येक लढतीचे दोषगुण जमत जायचे आणि मर्यादा ओलांडली की मल्ल बाहेर. चिठ्ठीचं नशीब त्या पद्धतीत बऱ्याच अंशी बोथट झालेलं. तरीही खाशाबांचं कांस्य, त्याच्या वरचं पदक का नाही, याची जी हकिगत सांगितली जाते ती अशी: जपानच्या इशीशी दमवणारी लढत झाल्यावर विश्रांतीचा नियमातला अर्धा तास न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, आणि नियम दाखवून भांडायला भारतीय पथकातलं कोणीही तिथं नव्हतं. आमच्याकडच्या भाषणांत यालाही 'खाशाबांचं दुर्दैव' म्हणतात. दुर्दैव कसलं? माणूस हजर नव्हता. द्राक्षबागेत फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस येऊन दावण्या पसरला तर ते नशीब. विम्याचे पैसे वर्षभर न येणं हे नशीब नव्हे, आणि आमच्या भागात दोन्हींना एकच शब्द वापरायची सवय लावून ठेवली आहे.

जत्रेच्या मैदानात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलेला असतो. तिथे पत्रिका नाही. नेमलेल्या कुस्त्या आधी ठरतात आणि बाकीच्या जोडी मैदानातच लावतात. जाणती माणसं दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड-मांड्या पाहतात, कोणत्या तालमीचा, कोण वस्ताद ते विचारतात, आणि तोडीस तोड वाटलं तर हात मिळवून देतात. चिठ्ठीच्या जागी नजर. शेवटी एकच विजेता उरत नाही, पन्नास-साठ कुस्त्या होतात आणि तितक्याच गोष्टी. कुस्ती निकाली होत नसेल तर बरोबरीत सोडवतात, जे बाद पद्धतीला परवडतच नाही. मला ही रीत जास्त माणसाळलेली वाटते. पण तिचं गोडवं गाणाऱ्यांनी हेही सांगावं की नजर विकत मिळते. देणगीदाराच्या तालमीतल्या पोराला हलकी जोड, नुरा कुस्त्या, एखाद्या गावच्या पोराला उभंच न करणं. चिठ्ठीला पाहुणे नसतात. जत्रेतल्या पंचांना असतात.

दादाची आणि त्या मुलाची कुस्ती दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत लावली गेली. मी ती पाहिली नाही. तेव्हा आमच्याकडे बायका-मुली कुस्तीच्या मैदानात जात नसत. देवळाच्या मागच्या ओसरीवर बसून भोंग्यावरून ऐकली. हलगी थांबली की काहीतरी घडलंय एवढं कळायचं. निवेदक तोंडभर बोलत होता, दोघांच्या वस्तादांची नावं, दोघांच्या आईबापांची, कोणी ताबा घेतला, कोण निसटला. बराच वेळ चालली. मग आवाज आला की कुस्ती बरोबरीत सोडवण्यात येत आहे, दोघंही वाघ आहेत, दोघांना इनाम वाटून. कुस्तीवर लिहिताना मी सतत भाषेकडे का जाते याचं कारण कदाचित हे असेल: मला कुस्ती आधी ऐकूच आली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं किताब जिंकला, तेव्हा मैदानात बसलेल्या बायकांकडेच मी जास्त वेळ बघत होते.

आता त्या कागदाची मागची बाजू. मागे पेन्सिलीनं आणखी एक पत्रिका आखलेली आहे. तीच अकरा नावं, पण तो मुलगा वरच्या भागात पहिला, दादा खालच्या भागात शेवटचा. दोघांनाही बाय. याला मानांकन म्हणतात, आणि सगळ्या मोठ्या स्पर्धांत ते करतात, कारण नाहीतर चांगले खेळाडू आपसातच संपतात. अण्णांना ते ठाऊक होतं. ती पत्रिका कुस्तीच्या दृष्टीनं जास्त बरोबर होती. त्यांनी ती खोडली नाही, नुसती उलटी केली, पुढच्या कोऱ्या बाजूला रिकाम्या रेघा आखल्या आणि मला हाक मारली. पुतण्याला बाय आणि सोपी बाजू देणारी पत्रिका मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात फळ्याशेजारी लावली असती, तर ती बरोबर आहे यावर कोणी विश्वास ठेवला असता? मी समीक्षक म्हणून विचार करते तेव्हा अण्णा चुकले असं म्हणते. त्यांनी गुणवत्तेचा निर्णय टाळला आणि त्या टाळण्याला निष्पक्षपणाचं नाव दिलं. मुलगी म्हणून विचार करते तेव्हा वेगळं काही वाटतं, पण ते या लेखात आणून अण्णांना सूट द्यावी असं मला वाटत नाही. हात माझा होता, तरी कागद त्यांचा होता.

या दिवाळीत तो कागद मी दादाकडे नेला. तो बागेतच होता, डोक्याला टॉवेल, ब्लोअरचा ट्रॅक्टर बांधाला लावलेला. पुढची बाजू बराच वेळ बघितली. एका नावावर बोट ठेवून म्हणाला, हा आता पुण्यात रिक्षा चालवतो. मग मी उलटी बाजू दाखवली.

"बरं केलं अण्णांनी," तो म्हणाला. "लोकांनी जगू दिलं नसतं."

मी म्हटलं, पण तू फायनलला गेला असतास.

"अगं, फायनलला त्यानं मारलीच असती. जिल्ह्याला एकच जातो. दुसरा आलो काय नि अकरावा आलो काय, सोमवारी शाळेतच." त्यानं कागदाची घडी मोडू न देता परत दिला. मग ट्रॅक्टरकडे जाता जाता वळून म्हणाला, "फक्त बापूंना सांगताना जरा बरं वाटलं असतं."

ढग आलं होतं, आणि त्याला अंधाराच्या आत फवारणी उरकायची होती.